मोतीचं बाशिंग

१८ एप्रिल १९६८, भिसेगाव (कर्जत)

ही दैनंदिनी नागूने दिली. हा माझा भाऊ कल्याणला औषधांच्या दुकानात आहे, तिथे अशा वह्या फुकट येतात. वही दोन वर्षांपूर्वीची, त्यामुळे छापलेले वार सगळे खोटे. तारीख खोडून मी माझी घालते. मराठी सातवी झालेल्या बाईने जन्मभर नुसती कागदाची फुलंच वळू नयेत, काही लिहीतही जावं, असं त्याचं म्हणणं. लिहायला हात मोकळे पाहिजेत हे त्याला कोण सांगणार? बोटांना खळ, खळीत झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद, आणि त्याचा डाग पहिल्याच पानावर पडला.

लग्नसराई जोरात आहे. नवरानवरीच्या कपाळावर बांधायची बाशिंगं आणि मांडवाच्या माळा, दोन्ही माझ्याकडून नेतात. पुठ्ठा कापायचा, वर बेगड चिकटवायची, मग फुलं. एकेका फुलाला अकरा पाकळ्या, प्रत्येक पाकळीची कड सुईवर वळवायची. पाठ दुपारीच बोलायला लागते.

गिऱ्हाईक आलं की सासूबाई कात्री खाली ठेवून मागच्या पडवीत जातात. विधवेचा हात बाशिंगाला लागलेला लोकांना चालत नाही. खरं तर पाकळ्या सगळ्या त्याच कापतात. डोळ्यांनी कमी दिसतं, तरी कात्री रेघ मारल्यासारखी सरळ जाते. गिऱ्हाईक बाशिंग उचलून म्हणतं, सोनुबाई, हात काय साफ आहे तुमचा. मी हसते. हात त्यांचा, कुंकू माझं, असं आमचं चाललंय.

यंदा घरचंही लग्न आहे. माझ्या लेकीचं, मोतीचं, १९ मेला. मुलगा कुंभिवलीचा, पोपट नाव, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. आधीची दोन स्थळं ‘मुलीचा बाप कुठाय’ या एकाच प्रश्नावर परत गेली. मोतीचे वडील ट्रकवर होते, ते सहा वर्षांपूर्वी जे गेले ते गेलेच. पहिली दोन वर्षं होळीला तोंड दाखवून गेले, मग तेही बंद. सुरतेला असतात म्हणे. विचारील त्याला मी ‘लांबच्या गाडीवर आहेत’ असं सांगते. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलंय.

२३ एप्रिल

बाजारातून बेगड घेऊन आले तर सासूबाईंनी हातात कार्ड दिलं. “पोष्टमन दिऊन गेला. कुनाचं हाय बग.”

उभ्या उभ्या वाचलं. मोतीचे वडील वारले. गेले असं लिहिलंय, पण गेले तर ते आधीच होते. कावीळ झाली, दवाखान्यात चार दिवस काढले. ‘घरच्यांनी सर्व क्रियाकर्म उरकले, काळजी नसावी.’ घरच्यांनी म्हणजे कुणी? घर तर हे आहे. खालची सही ओळखीच्या कुणाची नाही.

मरणाच्या कार्डाचं टोक फाडून पाठवायचं, ही आपली रीत. याचं फाडलेलं नव्हतं. चारही कोपरे नीट होते. कार्ड जरा आखूड मात्र वाटलं, एका बाजूची कड अगदी सरळ कापलेली. तिकडे ती रीत नसेल, किंवा पोस्टात हल्ली आखूड कार्डं मिळत असतील.

“नागूचं आहे,” मी म्हटलं. “बरं आहे सगळं.”

“बरं हाय ना? मंग झालं,” म्हणाल्या. जरा वेळाने भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं. उकडतंय म्हणाल्या.

रडू आलं नाही. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की लग्नाला सव्वीस दिवस राहिलेत. हे कळलं तर लग्न वर्षभर पुढे जाणार, आणि वर्षभर थांबायला पोपटच्या घरचे काही देव नाहीत. शिवाय सोयरीक ठरली आणि बाप गेला, म्हणजे पोरीचाच पायगुण वाईट, असं ठरायला एक दिवस पुरतो. मोती सतरा वर्षांची आहे. तिच्या कपाळी हे नको. कार्ड चुलीत घातलं.

सासूबाईंना मात्र फसवलं. आईला लेकाचं मरण कळू दिलं नाही, यापेक्षा मोठं पाप कुठलं असेल मला माहीत नाही. लग्न होईपर्यंत. नंतर पाया पडून सांगेन.

२४ एप्रिल

सकाळी आरशासमोर कुंकू लावताना हात थांबला. मागून मोती म्हणाली, “आई, लवकर, मला वेणी घालायची.” लावलं. रोज लावतेच की. आज पहिल्यांदा ते लावल्यासारखं वाटलं.

२७ एप्रिल

कळंबोलीकडच्या एका लग्नात नवरदेवाला इतका घाम आला की बाशिंगाचा लाल रंग ओघळून नाकापर्यंत आला, आणि फोटोत तो मारामारीतून उठून आल्यासारखा दिसतो, अशी तक्रार आली. यंदा म्हणून लाल फुलं सगळी मेणात बुडवते. मेणबत्त्या वितळवायच्या, फूल देठाला धरून एकदाच बुचकळायचं, झटकायचं, उलटं टांगायचं. दोरीवर साठ फुलं टांगली होती. उष्म्याने डोकं गरगरलं तेव्हा तिथेच जमिनीवर आडवी झाले. मोतीने पाणी आणून दिलं.

सासूबाईंनी गोड सोडलंय. दात दुखतो म्हणतात. तोंडात दात तीन, त्यातला कोणता दुखतो ते सांगत नाहीत.

३० एप्रिल

अक्षयतृतीया. दरवर्षी आज सासऱ्यांच्या नावाने पाण्याचा घडा आणि एक पान मांडतो, परसात कावळ्याला ठेवतो. आज बघते तर सासूबाईंनी दोन पानं मांडलेली, दोन्हींवर वरण-भात, वर तूप. म्हटलं, “आये, दुसरं कशाला?”

“एकाला कावला नाय शिवला तर दुसरं असूं दे.”

म्हातारपणी माणसाचं काही खरं नाही. कावळा आला, दोन्ही पानांना शिवला. सासूबाई कितीतरी वेळ परसात उन्हात उभ्या होत्या. मला माळा संपवायच्या होत्या म्हणून मी हाक मारली. तुपाचा दुसरा चमचा वाया गेला, असंही मनात आलं होतं. लिहून ठेवते, खोटं कशाला बोलू.

४ मे

पळसदरीची गौराबाई मुलीला घेऊन आली होती. बाशिंग हातात घेऊन बघितलं, उन्हात धरून बघितलं. मग म्हणाली, “सोनुबाय, एकदा तुमीच लावा पोरीच्या कपाळाला. सवाष्णीचा हात लागूं दे.”

लावलं. मागे दोरा बांधला, दोन्ही बाजूंच्या माळा गालावर सारख्या केल्या. पोरगी लाजली. गौराबाईने माझ्या ओटीत नारळ घातला, तोही घेतला. संध्याकाळी त्याच नारळाची चटणी केली. आता लिहिताना ते खुपतंय, पण खाताना काही वाटलं नव्हतं.

८ मे

विहीणबाई आल्या होत्या, कुंभिवलीहून, मानपानाचं ठरवायला. बाई वाईट नाही, पण सगळं स्वतः तपासून बघायची सवय आहे. चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “मुलीचं वडील कवा येनार? कन्यादानाला तरी असतील ना?”

मी बशी उचलायला वाकले. सासूबाई पडवीतून बोलल्या. इतकी वर्षं त्या लेकाचं नाव निघालं की शिव्या घालायच्या. गाडीखाली गेला तर बरं, असं बोललेल्या मी ऐकल्यात. आज शांतपणे म्हणाल्या, “तो लांब गेलाय, विहीनबाय. त्याला येनं जमनार नाय. पर त्याची सगली माया पोरीवर हाय. कन्यादान मामा-मामी करतील.”

“असूं दे. आई सवाष्ण समोर हाय, तेवढं पुरे,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मीही त्यांना लावलं.

सासूबाईंना खोटं इतकं छान बोलता येतं हे मला पंधरा-वीस वर्षांत कळलं नव्हतं. मनात म्हटलं, बिचारीला ठाऊकच नाही की ती किती खरं बोलली.

१३ मे

बाहेरची कामं संपत आली. आता मोतीचं बाशिंग. पुठ्ठा कापून ठेवलाय. त्याच्यापुढे सकाळपासून तीन वेळा बसले आणि तीन वेळा उठले.

एकदा मनाशी नीट कबूल केलेलं बरं. कार्ड आल्यापासून मी चौदा बाशिंगं केली. चौदा घरच्या लेकींच्या-सुनांच्या कपाळावर माझ्या हातचं बांधलं गेलं, आणि माझं काही अडलं नाही. रीत खोटी आहे, माणसांनी काढलेली आहे, असं स्वतःला सांगत होते. आता माझ्या मोतीची वेळ आली तर हात पुढे होत नाही. म्हणजे रीत खोटी वाटत नव्हतीच. दुसऱ्यांच्या पोरी होत्या म्हणून चालत होतं. माझ्याविषयी इतकं वाईट मला आजवर कधी वाटलं नव्हतं, नवरा टाकून गेला तेव्हासुद्धा नाही.

बाजारातून तयार आणावं, तर बाशिंगवालीच्या लेकीला विकतचं बाशिंग का, हे सारं कर्जत विचारील. नागूच्या बायकोला, वहिनीला सांगावं, तर तिला साधी पतंगी कागदाची झालर कापता येत नाही. मोती म्हणते, “माझं सगळ्यांत मोठं कर. मधे मोर पाहिजे.” मी म्हटलं, करते. मग ती हळूच म्हणाली, “बाबांना कळवलंय ना गं?” मी म्हटलं, कळवलंय.

१५ मे

दुपारी मोती मैत्रिणीकडे गेली होती. मी पुठ्ठ्यापुढे बसलेली. सासूबाई पाकळ्या कापत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“करत का नायस?”

“करते. खळ नीट नाही झाली.”

“खल मी केलीय. मला नको सांगूस.” मग म्हणाल्या, “माजा नामा गेला, ठाव हाय मला.”

मी पुठ्ठा बाजूला सरकवला.

“त्या कार्डाचं टोक फाडलेलं व्हतं. मला वाचता येत नाय, पर फाडलेलं टोक कलतं. ती कडच कापून टाकली मी, आन् मंग तुज्या हातात दिलं. म्हातारीला काय ठाव नाय असं तुला वाटाया पायजे व्हतं. नायतर तू माज्यासाठी रडली असतीस, मी तुज्यासाठी, आन् पोरीचं लगीन ऱ्हायलं असतं.”

“पण कार्ड त्यांचंच आहे हे कसं कळलं?”

“दुसरं कोन हाय माजं भाईर?”

त्यांचे पाय धरले. मला वाटत होतं मी त्यांना फसवतेय, आणि इतके दिवस त्याच मला सांभाळत होत्या. मग सगळं सांगितलं. चौदा बाशिंगं, गौराबाईची पोरगी, आणि मोतीच्या बाशिंगाला हात लागत नाही, हे.

सासूबाई पाकळ्यांचा गठ्ठा सारखा करत राहिल्या. म्हणाल्या, “तुज्या लग्नातलं बाशिंग मी केलंय. तुजं बी, नामाचं बी. त्याचा बाप जाऊन तवा चार वर्सं झालीवती, माजं कपाल पांडरं. सगल्यांना सांगितलं, पनवेलवरनं आनलं. एकुलता ल्योक, त्याला दुसरीच्या हातचं का म्हून बांदू? बांदलं. आन् तो घर सोडून गेला तवापासनं मी मनात धरून बसलेय, की हे माज्या हातानं झालं. तुजं वाटोलं मी केलं, सोने. म्हनून मी त्याला शिव्या घालायची. नायतर मलाच घालाव्या लागल्या असत्या.”

अठरा वर्षं ही बाई माझ्यासमोर रोज पाकळ्या कापत बसली आणि हे पोटात ठेवून बसली.

“आये,” मी म्हटलं, “ते स्वतःच्या पायांनी गेले. बाशिंगाने त्यांना नेलं नाही. तशी ओढ असती तर बाशिंगाने त्यांना परतही आणलं नसतं का?”

त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या, मोती घरात नाही.

“आता नाय. एकदा सुरू झालं तर थांबनार नाय मी. भिंतीपल्याड शेजारी हायत.” डोळे कोरडेच पुसले आणि कात्री उचलली. “लगीन हूं दे. पोरगी सासरी रुलली की मंग सांगू, कार्ड आलं म्हून. तुजं बाशिंगाचं काम मंग सुटंल. मांडवाच्या माला करू दोघी, त्याला कोन हात बगतंय? आता ऊठ, मोराचा पुठ्ठा काप. मान मी कापते, तुला वाकडी जमत नाय.”

१७ मे

झालं. मधे मोर, दोन्ही बाजूंना गुलाब नऊ-नऊ, खाली पांढऱ्या कळ्यांच्या माळा. पाकळ्या त्यांनी कापल्या, वळवल्या मी. मोराची मान खरंच मला वाकडी जमली नसती. दोघी दोन दिवस फारसं बोललो नाही, एकमेकींना कागद आणि सुई तेवढी देत राहिलो. मनात भीती नव्हती असं नाही. प्रत्येक फूल चिकटवताना वाटत होतं, देवा, काही असलंच तर ते माझ्यावर येऊ दे. पण हात थांबला नाही.

मोतीने कपाळाला लावून बघितलं आणि आरशापुढून हलेना.

१८ मे

हळद. पाच सवाष्णींनी लावायची, त्यात पहिली हाक आईला. मला हाक आली की स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा. “सोने, दूध वर आलंय.” “सोने, मीठ कुठं ठेवलंस?” “सोने, भात लागतोय.” तीन वेळा असं झाल्यावर बायका हसायला लागल्या, म्हणाल्या, म्हातारीला आज सुनेशिवाय करमत नाही. हळद वहिनीने लावली. मी दारातून बघितली. मोती पिवळीधमक दिसत होती.

भात खरोखरच लागला. एवढ्या गडबडीत तो कुणी बघितलाच नव्हता.

२० मे

काल लिहायला ताकद नव्हती. आजही अंग मोडून आलंय, पण लिहायला हवं.

लग्न लागलं. मुहूर्त टळला नाही, जेवण पुरलं, घाम आला तरी रंग ओघळला नाही. विहीणबाईंनी बाशिंग जवळून बघितलं आणि म्हणाल्या, “असं काम हिकडं कुनाचं नाय.” नागूने आणि वहिनीने कन्यादान केलं. मी बाजूला उभी होते. माझी तेवढीच जागा होती आणि ती मला पुरली.

पाठवणीला टेंपो मांडवापाशी लागला. मोती आधी माझ्या गळ्यात पडली, मग आजीच्या. सासूबाईंनी तिला छातीशी धरलं आणि हेल काढला. “नामा रं, माज्या लेका. कुठं गेलास रं मला टाकून.”

वाटलं, संपलं, आता सगळ्यांना कळणार. पण बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणी म्हणालं, लेकाची आठवण आली म्हातारीला, येणारच, आजच्या दिवशी तो असायला हवा होता. विहीणबाई टेंपोतून उतरून आल्या, त्यांचा हात धरला. “उगी, आजी. दिवालीला येतील ते. लेकीच्या घरला येतील.”

सासूबाईंनी मान हलवली. मोतीला त्यांच्या मिठीतून मीच सोडवलं आणि गाडीत बसवलं. मोतीही रडत होती, पण नवऱ्याकडे एकदा बघून घेतलंच तिने. बाशिंगाच्या माळा तोंडावरून बाजूला करून ती वळणापर्यंत हात हलवत राहिली.

टेंपो गेला, तरी सासूबाई थांबल्या नाहीत. मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसल्या आणि रडत राहिल्या. मी शेजारी बसले. मीही रडले. त्या माणसासाठी मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. होळीला आले होते तेव्हा मोतीसाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, ते आठवलं, आणि मग आवरेना.

मांडव मोकळा झाला. भांडी घासून झाली. शेजारच्या पारूबाई दोनदा पाणी घेऊन आल्या. शेवटी म्हणाल्या, “पुरे की आता, म्हातारे. पोरगी काय मेली नाय, कुंभिवलीलाच तर गेलीय.”

“व्हय गं,” सासूबाई म्हणाल्या. “पोरगी बरी हाय.” आणि पदर तोंडाला लावून पुन्हा रडायला लागल्या.